सासूबाईंची शंभरी

ग्रीसमधल्या पिरेअस बंदराच्या मागे निर्वासितांची वस्ती आहे. तिथल्या आमच्या गल्लीत कीरा-स्माराग्दाच्या, म्हणजे स्माराग्दाबाईंच्या, घरी गेलेला माणूस उपाशी बाहेर पडला, असं आजवर झालेलं नाही. व्हायचंच असेल तर त्याला खिडकीतून उडी मारावी लागेल, आणि ती खिडकीसुद्धा मॅकरोनीच्या पुड्यांनी अर्धी बुजलेली आहे.

स्माराग्दाला तेव्हा अठ्ठावन्नावं वर्ष चालू होतं. नवरा प्रोद्रोमोस जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा अनेस्तिस जहाजावर, मुलगी फोतिनी लग्न होऊन चार गल्ल्या पलीकडे. म्हणजे घरात ही एकटी. पण पलंगाखाली तेलाचे अकरा डबे, कपाटावर साखर, कपड्यांच्या पेटीत कपड्यांच्या खाली कडक भाजलेले पाव, आणि देवांच्या तसबिरींमागे मसुराच्या पिशव्या. संतांपैकी निम्मे मसुराला टेकून उभे होते. पावाचा तुकडा खाली पडला तर उचलून त्याचा मुका घ्यायचा, ही रीत आमच्याकडे सगळ्यांचीच आहे. स्माराग्दा दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या हातून पडलेल्या तुकड्याचाही मुका घ्यायची, आणि मग तो पिशवीत टाकून घरी आणायची.

फोतिनी वर्षातून एकदा आईचं घर आवरायला यायची आणि दर वर्षी हरून परत जायची.

"आई, हा सार्डिनचा डबा माझ्या लग्नाच्या आधीचा आहे."

"मग? तुझा नवरासुद्धा लग्नाच्या आधीचाच आहे. त्याला टाकलास का?"

तर १९७६ सालच्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी दुपारी, या घराचं दार नगरपालिकेच्या कारकुनाने वाजवलं. अरिस्तिदिस त्याचं नाव. पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, काखेत नोंदवही, आणि डॉक्टरांनी खाण्यावर बंधनं घातलेली. हे शेवटचं त्याने दारातच सांगितलं, कारण आत चण्याची आमटी उकळत होती आणि स्माराग्दाच्या हातात ताटली होती.

"मी बसत नाही, कीरा-स्माराग्दा. फक्त एक विचारायचं होतं. कीरा-एव्लाम्बिया इथेच राहतात ना?"

एव्लाम्बिया म्हणजे स्माराग्दाची सासू. ती जाऊन चौतीस वर्षं झाली होती. साधं उत्तर होतं: त्या केव्हाच वारल्या. पण स्माराग्दाच्या जिभेला एके काळी वेगळं वळण लागलं होतं. दारावर कोणी कागद घेऊन आला आणि म्हातारीची चौकशी केली की काय म्हणायचं, ते तिने पावणेतीन वर्षं घोकलं होतं. डोकं जागेवर यायच्या आत जीभ बोलून मोकळी झाली.

"सासूबाई? झोपल्यात."

"झोपू दे, झोपू दे!" कारकुनाचा चेहरा उजळला. "उठवू नका. या शनिवारी त्यांना शंभर पूर्ण होतायत. अठ्ठावीस फेब्रुवारी अठराशे शहात्तर. नव्या मेअरसाहेबांनी ठरवलंय, वस्तीतल्या सगळ्यात वयस्क माणसांचा सत्कार करायचा. महिला वर्ष नुकतंच झालंय, म्हणून आधी बाई."

काही सुचलं नाही की स्माराग्दा वाढायला घ्यायची. तिने ताटली भरली. कारकुनाने एकदा डॉक्टरांची आठवण काढली आणि बसला.

"तब्येत कशी आहे त्यांची?"

"तक्रार नाही."

"खातात-पितात नीट?"

"कुठलं हो! एक कण नाही पोटात."

"या वयात असंच. ऐकू येतं?"

"येत असावं," स्माराग्दा आढ्याकडे बघत म्हणाली. "मला तीच भीती वाटते."

"बोलतात?"

"पूर्वी फार बोलायच्या."

कारकुनाने दुसरी ताटली संपवली आणि नोंदवही उघडली. "खरं सांगू? आधी मलाच शंका आली होती. कागद कधीकधी चुकतो. म्हणून मी पापा-इयाकोवोसना विचारलं. पाद्रीबाबा म्हणाले, शंका कसली, त्या बाईंचं नाव दर रविवारी मी स्वतः वाचतो, जिवंतांच्या यादीत, आरोग्यासाठी. चर्चच ग्वाही देतंय म्हटल्यावर बोलणंच संपलं." मग तो पुढे वाकला. "पण तुमच्या या गल्लीचं रहस्य काय आहे? एका गल्लीत नव्वदीच्या पुढची नऊ माणसं! डोंगरातल्या गावांतसुद्धा असं नाही. शेजारच्या घरात तर एक आजोबा एकशे चारचे आहेत, त्यांचा नंबर पुढच्या वर्षी. तुम्ही लोक खाता तरी काय?"

स्माराग्दाने त्याच्या ताटलीकडे पाहिलं.

"चणे," ती म्हणाली.

शनिवारी अकरा वाजता, चर्च सुटल्यावर, मेअरसाहेब बँड घेऊन येतील, मानपत्र देतील, केक कापतील, असं सांगून कारकून गेला. जाताना स्माराग्दाने त्याच्या खिशात अक्रोड भरले. तो दिसेनासा झाल्यावर ती पलंगाखालचा तेलाचा डबा ओढून त्यावर बसली.

आता ही एव्लाम्बिया कोण होती ते सांगायला हवं. ती स्मिर्नाची. १९२२ साली तुर्कांनी ग्रीकांना हाकललं, तिकडून जीव घेऊन पळाली तेव्हा तिच्याबरोबर एक मुलगा होता, एक कांबळं होतं आणि तोंड होतं. त्या तोंडाच्या जोरावर तिने सगळी वस्ती धाकात ठेवली होती. जहाजावरून उतरल्यावर कारकुनाने जन्मतारीख विचारली, तर म्हणाली, "उपासाच्या आधीच्या आठवड्यात कधीतरी. लिही तुला हवं ते, मला परत जायचंय." सून आली तेव्हा तिच्या हातच्या भाताला तिने नावं ठेवली, भांडी घासण्याला ठेवली, चालण्याला ठेवली. भांडणात स्माराग्दा एकदाही जिंकली नव्हती. जिंकायचा विचारसुद्धा तिने सोडून दिला होता.

मग जर्मन आले, आणि बेचाळीसचा तो हिवाळा आला. दुकानं होती पण त्यांत काही नव्हतं. रेशनच्या कार्डावर माणशी मूठभर मक्याचा पाव मिळायचा, तोही मिळाला त्या दिवशी. लोकांनी रस्त्याकडेचं गवत उकडून खाल्लं, मग रस्त्याकडेला गवतही राहिलं नाही. तुर्कांच्या जहाजातून चणे आले. ज्यांनी आपल्याला हाकललं त्यांचे चणे खायची वेळ आली, म्हणून एव्लाम्बिया त्यांना शिव्या देत देत चावायची. सकाळी हातगाडी फिरायची आणि दारांपुढून मेलेली माणसं उचलून न्यायची. ते आठवलं की आजही आमच्या वस्तीत बोलणारा माणूस मध्येच गप्प होतो.

जानेवारीत एव्लाम्बियाने मक्याच्या पावाला नावं ठेवायला सुरुवात केली.

"हा काय पाव आहे? स्मिर्नात आम्ही असला कोंबड्यांना घालत नव्हतो. मला नको. पोरांना द्या, त्यांना कुठे चव कळते."

फोतिनी पाच वर्षांची, अनेस्तिस तीन. ती दोघं आजीचा पाव खायची आणि आजी त्यांना नीट चावत नाहीत म्हणून बोलायची. आठवडाभर स्माराग्दाला वाटलं, म्हातारीचे नखरे. दुसऱ्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं, तेव्हा ती पाया पडली, रडली, पाव पाण्यात भिजवून तोंडाशी धरला. एव्लाम्बियाने तोंड उघडलं ते फक्त बोलायला.

"नीट ऐक. माझं कार्ड तुझ्या सासऱ्याच्या फोटोमागे आहे. मी मेले हे पाद्रीला सांगायचं नाही, वाण्याला सांगायचं नाही, आणि त्या शेजारच्या थेओपिस्तीला तर अजिबात नाही. मला कांबळ्यात गुंडाळून न्या. आणि कांबळं परत आणा, पोरांना थंडी आहे. मी मेले हे कोणाला सांगितलंस तर तुझी गाठ माझ्याशी आहे."

"पण सासूबाई, तुमच्या नावाचा कोलिव्हा? गहू उकडायला नकोत? नाव वाचायला नको?"

"गहू मिळाले तर पोरांना घाल. मेलेल्यांना घालायला गहू आहेत म्हणे हिच्याकडे! मी थांबेन. मला कसली घाई आहे?"

शेवटचं एवढंच. प्रोद्रोमोसने पहाटे तिला पाठीवर घेतलं, एवढी ती हलकी झाली होती, आणि कबरस्तानच्या भिंतीशी नेऊन ठेवलं. तिथे आणखी माणसं ठेवलेली होती, बिननावाची. गाडी येऊन सगळ्यांना एकत्र न्यायची. तो कांबळं घेऊन परत आला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

त्या दिवसापासून स्माराग्दाचं खरं काम सुरू झालं. आमची निर्वासितांची घरं म्हणजे मध्ये एक पातळ भिंत. पलीकडे कोणी कांदा चिरला तर अलीकडे डोळ्यांतून पाणी यायचं. ज्या घरात सासू-सून दिवसातून चारदा भांडायच्या तिथे एकदम शांतता झाली असती, तर थेओपिस्तीला संध्याकाळपर्यंत कळलं असतं. म्हणून स्माराग्दा भांडायची. रिकाम्या पलंगासमोर उभी राहून, कमरेवर हात ठेवून, मोठ्यांदा.

"नाही, सासूबाई, आज मी ऐकून घेणार नाही! भांडी मी घासलीत! काय म्हणालात? पुन्हा म्हणून दाखवा!"

पुन्हा काही म्हटलं जायचं नाही, आणि स्माराग्दा पलंगाच्या कडेला बसून तोंडात रुमाल कोंबून रडायची. कार्ड मात्र चालू राहिलं. मूठभर पाव रोज जास्तीचा. पोरं जगली.

चर्चमध्येही तेच. कागदावर दोन बाजूंना नावं लिहून पाद्रीकडे द्यायची असतात, एका बाजूला घरची जिवंत माणसं, दुसऱ्या बाजूला गेलेली. कार्डावर पाव देणारा वाणी रविवारी पाद्रीच्या शेजारी उभा राहून स्तोत्रं म्हणायचा. त्याच्या कानाशी एव्लाम्बियाचं नाव मेलेल्यांत कोण वाचणार? स्माराग्दाने ते जिवंतांत लिहिलं. जर्मन गेल्यावर शेजाऱ्यांना सांगितलं, सासूबाई उत्तरेला चुलत दिराकडे गेल्या आणि तिकडेच वारल्या. त्या वर्षी आमच्या गल्लीतली बरीच म्हातारी माणसं अशी उत्तरेला गेली आणि तिकडेच वारली. कचेरीत मात्र सांगायला कोणी गेलं नाही. गेलं तर ते विचारणार, केव्हा? कुठे पुरलं? आणि पाद्रीला सांगावं तर तोही हेच विचारणार. स्माराग्दा दर शनिवारी ठरवायची, उद्या नाव दुसऱ्या बाजूला लिहायचं, आणि दर रविवारी तिची बोटं सवयीने ते जिवंतांतच लिहायची. पाद्री बदलले, वाणी मेला, राज्यं बदलली. एव्लाम्बियाच्या आरोग्यासाठी प्रार्थना होत राहिली.

आणि येणारा शनिवार कुठला होता? गेलेल्यांचा शनिवार. घराघरांतून उकडलेल्या गव्हांच्या ताटल्या चर्चमध्ये जातात, नावं वाचली जातात, आणि मग ते गोड गहू सगळे वाटून खातात. चौतीस वर्षं स्माराग्दा त्या दिवशी आईवडिलांच्या नावाची ताटली घेऊन जायची. आणि जिने स्वतःचा घास काढून पोरांना दिला, तिच्या नावाचे चार दाणे तिने कधी उकडले नव्हते. हे तिला छळायचं. मसुराच्या सगळ्या पिशव्या आणि तेलाचे सगळे डबे यांच्या मागे हेच एक बोचणं होतं. आणि आता त्याच दिवशी तिच्या सासूला बँड वाजवून जिवंत ठरवणार होते. मानपत्र एकदा हातात घेतलं की एव्लाम्बिया कायमची जिवंत, आणि कायमची उपाशी.

गुरुवारी सकाळी मनाचा हिय्या करून ती पाद्रीबाबांकडे गेली. पापा-इयाकोवोस आठ वर्षांपूर्वी बदलून आलेले, उत्साही माणूस. तिला पाहताच त्यांनी दोन्ही हात पसरले.

"या, या! गल्लीचा अभिमान! माझीच चूक आहे हो, आठ वर्षं मी त्यांचं नाव वाचतोय आणि एकदा घरी येऊन त्यांना प्रसाद दिला नाही."

"पाद्रीबाबा, मला त्याबद्दलच एक सांगायचंय. सासूबाई..."

"काही सांगू नका! शनिवारी मी स्वतः येतो. मेअरच्या आधी मी. पलंगापाशी जाऊन स्वतःच्या हाताने प्रसाद देतो. बघा, कशा टवटवीत होतात!"

स्माराग्दा घरी आली ती वेगळाच बेत घेऊन. माणूस घाबरला की त्याला काय सुचेल याचा नेम नाही. ती तडक शेजारी गेली. थेओपिस्ती सत्तरीची, विधवा, बसक्या आवाजाची. दाराशी बसून पालेभाजी निवडत होती.

"थेओपिस्ती, शनिवारी तू माझ्याकडे अर्धा तास झोपायला येशील?"

"का? माझ्याकडे पलंग नाही?"

"फक्त डोक्यावरून रुमाल घ्यायचा, डोळे मिटायचे आणि बोलायचं नाही."

"बोलायचं नाही?" ही अट थेओपिस्तीला जास्त जाचक वाटली. मेअर येणार हे तिने ऐकलं होतंच; मग हळूहळू सगळा बेत तिच्या ध्यानात आला आणि हातातली सुरी तिने खाली ठेवली. "शंभर वर्षांची म्हणून दाखवणार? मला? अगं, गेल्या महिन्यात मासेवाल्याने मला पोरी म्हणून हाक मारली!"

"त्याला मासे तरी कुठे नीट दिसतात."

"आणि एव्लाम्बिया उत्तरेला वारली ना? मग कचेरीत सांग की!"

स्माराग्दा नखाने दाराचा रंग खरवडत राहिली. थेओपिस्तीने तिच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"राहू दे. मला ठाऊक आहे. उत्तरेला-बित्तरेला कुठे गेली नाही ती. बेचाळीसच्या फेब्रुवारीत गेली."

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? त्या महिन्यापासून भांडणात तू जिंकायला लागलीस."

स्माराग्दा मटकन तिच्या शेजारी पायरीवर बसली. पावणेतीन वर्षं घसा फोडून भांडली होती ती! "आणि तू कोणाला बोलली नाहीस?"

"कशाला बोलू?"

"तू? तू तर कोणाच्या घरी मांजर व्यालं तरी सांगत सुटतेस! आणि तुझ्या घरी तर लपवण्यासारखं काही नव्हतं, मग तू का..." स्माराग्दा मध्येच थांबली. तिला कारकुनाची नोंदवही आठवली. शेजारच्या घरातले एकशे चार वर्षांचे आजोबा. "थेओपिस्ती, तुझे सासरे केव्हा गेले?"

"मामंजी? चव्वेचाळीसच्या शेवटी. उत्तरेला."

"खरं सांग. त्यांच्या खोकल्याने तर मला रात्र रात्र झोप नसायची."

थेओपिस्तीने इकडेतिकडे पाहिलं, मूठ तोंडाशी धरली आणि खोकली. जुना, खोल, छातीतून खरवडत येणारा खोकला; शेवटी एक शिट्टी आणि 'हे देवा'. हुबेहूब लाझारोस म्हातारा.

"तुझ्या सासूच्या आधी तीन आठवडे गेले," थेओपिस्ती म्हणाली. "पावणेतीन वर्षं खोकले मी. हा आवाज असा उगाच नाही झाला. पूर्वी मी चर्चमध्ये गायचे, आठवतंय?"

त्या एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि मग दोघींना हसू फुटलं. भिंतीच्या एका बाजूला ही रिकाम्या पलंगाशी भांडत होती, दुसऱ्या बाजूला ती मेलेल्या सासऱ्याचा खोकला खोकत होती, आणि दोघी एकमेकींना फसवल्याच्या समाधानात मूठभर पाव खात होत्या. हसता हसता केव्हा रडायला लागल्या ते त्यांनाही कळलं नाही. भाजी तशीच राहिली.

"म्हणजे नऊच्या नऊ?" स्माराग्दाने डोळे पुसत विचारलं.

थेओपिस्तीने गल्लीवरून एकेका दारावर नजर फिरवली. "कोपऱ्यावरच्या घरातली ती म्हातारी सोडून. ती खरंच जिवंत आहे. आपण तिला विसरूनच गेलो होतो."

"मी गहू उकडणार आहे," स्माराग्दा म्हणाली.

"वेड लागलंय? मेअरसमोर?"

"त्या म्हणाल्या होत्या, मी थांबेन. चौतीस वर्षं थांबल्यात गं."

थेओपिस्तीने सुरी उचलली. "तुझं तू बघ. माझ्या मामंजींना यात ओढू नकोस. त्यांचं पुढच्या वर्षी आहे."

शुक्रवारी फोतिनी आली तेव्हा तिला वाटलं, आईला काहीतरी झालंय. कपाटं सताड उघडी होती. कधी कोणाला हात लावू न दिलेली साखर मोठ्या परातीत ओतलेली, बदाम सोललेले, बेदाणे धुतलेले, डाळिंबं फोडलेली, आणि घरातली तिन्ही मोठी भांडी गव्हाने भरून चुलीवर. स्माराग्दा डबे रिकामे करत होती. आयुष्यात पहिल्यांदाच.

"आई, मेअर येणारेत म्हणून ऐकलं. आजीच्या सत्काराला! हा काय प्रकार आहे?"

स्माराग्दाने तिला सगळं सांगितलं, ढवळता ढवळता, मान वर न करता. सांगून झाल्यावर तिची मुलीकडे बघायची छाती होईना.

"मला आठवतं," फोतिनी म्हणाली. "तू भांडायचीस आणि आजी उत्तर द्यायची नाही. मला वाटायचं, आजी माझ्यावर रुसली."

मग तिने बाह्या वर केल्या आणि बदाम हातात घेतले.

शनिवारी चर्च भरलं होतं. पुढच्या रांगेत मेअर, त्यांच्या शेजारी अरिस्तिदिस, मांडीवर चौकटीतलं मानपत्र. बाहेर अंगणात बँडवाले तुताऱ्या पुसत उभे. आणि केकचं खोकं मेणबत्त्यांच्या टेबलावर. मधल्या लांब टेबलावर ताटल्यांची रांग. स्माराग्दाची परात एवढी मोठी होती की ती आणि फोतिनी दोघींनी उचलून आणली आणि तिच्यासाठी चार जणींच्या ताटल्या सरकवाव्या लागल्या. साखरेच्या पांढऱ्या थरावर बदामांनी एकच अक्षर काढलं होतं, एव्लाम्बियाचं पहिलं.

पापा-इयाकोवोस गेलेल्यांची नावं वाचू लागले. कागदामागून कागद, भराभर. स्माराग्दाचा कागद हातात आला. तिचे वडील, तिची आई, प्रोद्रोमोस... आणि पाद्रीबाबा अडखळले. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग चष्म्यावरून खाली पाहिलं.

"कीरा-स्माराग्दा, काहीतरी चूक झालीय. नाव भलत्या बाजूला पडलंय."

"चूक आधी होती, पाद्रीबाबा. आज दुरुस्त केली."

मेअरनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने नोंदवहीत पाहिलं.

"त्या बेचाळीसच्या फेब्रुवारीत गेल्या," स्माराग्दा म्हणाली. "आपला पाव माझ्या पोरांना देऊन गेल्या. नाव नाही, पाद्री नाही, भिंतीशी ठेवलं आम्ही त्यांना. आणि जर्मन जाईपर्यंत त्यांच्या कार्डावरचा पाव खाल्ला. सांगू नकोस म्हणाल्या होत्या. मी चौतीस वर्षं सांगितलं नाही. आता काय शिक्षा द्यायची ती द्या, पण नाव वाचा."

पाद्रीबाबांचा हात कागदासकट हवेत तसाच होता. स्माराग्दाला वाटलं, आता जमीन दुभंगेल तर बरं.

आणि मागून कोणीतरी खोकलं.

जुना, खोल, छातीतून खरवडत येणारा खोकला. शेवटी शिट्टी आणि 'हे देवा'. गल्लीतल्या जुन्या बायकांनी एकदम माना वळवल्या. लाझारोस म्हातारा? थेओपिस्ती बाकांमधून वाट काढत पुढे आली आणि हातातला कागद तिने पाद्रीबाबांपुढे धरला.

"लाझारोस," ती म्हणाली. "हे पण घाला. पुढच्या वर्षी केक खायला ते काही येत नाहीत."

मग मात्र बांध फुटला. कोणी पेन्सिल मागितली, कोणी कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलं, कोणी नुसतंच पुढे येऊन नाव सांगितलं: आई, सासरे, मोठी बहीण. पाद्रीबाबा एकेक नाव वाचत गेले आणि मध्येच चष्मा काढून पुसायला लागले. आठ नावं झाली. अरिस्तिदिसने पेन्सिल काढली आणि नोंदवहीत एकेक ओळ खोडत गेला. शेवटी तीही ठेवली आणि टोपी काढून उभा राहिला. त्याची आजी कुठे वारली ते त्याला कोणी नीट सांगितलं नव्हतं, हे त्याने नंतर स्माराग्दाकडे जेवताना सांगितलं.

मेअर शहाणा माणूस निघाला. मानपत्र कोपऱ्यावरच्या त्या खरोखर जिवंत म्हातारीला दिलं. ती ब्याण्णवची होती आणि तिला कोणी विचारतच नव्हतं, म्हणून ती फार खूश झाली. शंभराचा आकडा काढून टाकल्यावर केकला खड्डा पडला, पण केक वाया जाणं आमच्या वस्तीत शक्यच नव्हतं. अंगणात लोकांनी एका हातात केक आणि दुसऱ्या हातात कोलिव्हा घेऊन खाल्लं. बँडवाल्यांनीही खाल्लं. "देव तिला क्षमा करो," असं, गेलेल्यांसाठी म्हणतात तसं, प्रत्येक जण घास घेताना म्हणत होता, आणि स्माराग्दा प्रत्येकाच्या मुठीत आणखी एक मूठ ओतत होती.

परात खरवडून उरलेले गहू तिने रुमालात बांधले आणि ती एकटीच कबरस्तानच्या भिंतीशी गेली. भिंतीला आता रंग दिला होता. कुठे ठेवलं होतं ते तिला माहीत नव्हतं, प्रोद्रोमोसने कधी दाखवलं नव्हतं. तिने अंदाजाने एक जागा धरली आणि रुमाल सोडून गहू ठेवले.

"घ्या, सासूबाई. जेवा. फार थांबायला लावलं."

दुपारची वेळ, रस्त्यावर कोणी नव्हतं. तिला ठाऊक होतं, आता बोलणी बसणार. सांगू नकोस म्हटलं होतं ना? आणि ही काय पद्धत झाली गहू उकडायची? मीठ कुठाय? साखर किती ओतलीस, बाप तुझा साखरेचा कारखानदार होता का? भर चर्चमध्ये गळा काढायची काय गरज होती? सासूबाईंचा आवाज तिला चौतीस वर्षांनंतरही शब्द न् शब्द पाठ होता.

"हो," स्माराग्दा म्हणाली. "चुकलंच माझं. तुमचंच बरोबर आहे."

आणि रिकामा रुमाल घडी करून, कारण तोही वाया घालवायचा नव्हता, ती घरी गेली.